कोठीबाई

कोठीबाईंचा कानांवर विश्वास नव्हता. कुणी काही समजावून सांगितलं की त्या मान डोलवायच्या, पदर खोचायच्या आणि म्हणायच्या, "आयकलं. आता मले करू द्या." सायकलचं पंक्चर असो, शिवणयंत्राचा पट्टा असो की गोबरगॅसची नवी शेगडी, स्वतःच्या हातानं केल्याशिवाय त्यांच्या लेखी ती गोष्ट शिकून झालेली नसे. आणि एकदा केली, की कायमची त्यांची.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही हकीकत. अड्याळपासून थोडं आत, तलावाच्या पाळीखाली आमची निवासी शाळा होती. शाळा कसली, वस्तीच ती. मुलं, मुली, शिक्षक सगळे तिथंच राहायचे. सकाळी दोन तास धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, किंवा भाजीच्या वाफ्यात काम आणि मग वर्ग. मी तिथं गणित शिकवायला गेले तेव्हा बावीस वर्षांची होते. जवाहरनगरच्या आयुध कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. धानाचं रोप बसच्या खिडकीतून पाहिलेलं, तेवढंच.

धान्याची कोठी आणि स्वयंपाकघर ताब्यात, म्हणून मुलांनी त्यांना 'कोठीबाई' हे नाव दिलं होतं. मी मात्र त्यांना मावशी म्हणे. पन्नाशीच्या, उंच, काटक बाई. माहेर लाखनीकडचं. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, आणि परत आल्यावर पोरींना पहिली गोष्ट सांगितली ती शिकण्याची. "बापानं सांगतलं, शिक. पन गावची शाळाच होती चौथीवरी," त्या हसून म्हणायच्या. "मंग उरलेलं आता इथं शिकून रायलो."

त्या खरोखर शिकत होत्या. भाताला आधण चढवलं की माझ्या वर्गाच्या खिडकीशी येऊन उभ्या राहायच्या. एकदा मी फळ्यावर आयताचं क्षेत्रफळ शिकवत होते. दुसऱ्या दिवशी कोठीबाई दोरखंड घेऊन वर्गात आल्या. "मास्तरीनबाई, मोठी बांधी मोजून द्या. पऱ्हे किती लागन ते मले काढाचं हाय." पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. आम्ही सगळे बांधीवर गेलो. तिची एकही बाजू दुसरीला समांतर नव्हती, एक धुरा, म्हणजे कडेचा बांध, तर चक्क अर्धगोल. मी दोरी हातात धरून उभी. मुलं माझ्याकडे बघतायत. "फळ्यावरची जमीन सरकारी दिसते," कोठीबाई म्हणाल्या, "आमची अशीच रायते." त्या बांधीचे त्रिकोण पाडता पाडता आम्हाला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत माझा वर्ग जेवढी भूमिती शिकला, तेवढी मी वर्षभरात शिकवली नसती.

शनिवारी संध्याकाळी सभा व्हायची. आठवड्यात आपल्या हातून काय चुकलं ते ज्यानं त्यानं उभं राहून सांगायचं, असा तिथला रिवाज. आम्ही शिक्षक गुळगुळीत चुका सांगायचो. 'माझा थोडा वेळ वाया गेला' वगैरे. कोठीबाई मात्र सरळ बोलायच्या. "मंगळवारी भात करपला. पोरी गोठी सांगत होत्या, मी आयकत बसलो. लाकडाचा दोष नोहे, माहा होय." मुलं हसायची. त्याही हसायच्या आणि बसायच्या. एवढं सोपं काम मला कधी जमलं नव्हतं.

एकदा तालुक्याचे डॉक्टर प्रथमोपचार शिकवायला आले. श्वास थांबलेल्या माणसाला तोंडानं श्वास कसा द्यायचा, ते त्यांनी रबरी पुतळ्यावर करून दाखवलं. मुली तोंडावर हात ठेवून खिदळल्या. मीही हसू दाबत वहीत मुद्दे लिहून घेतले. कोठीबाईंनी पुतळ्यापुढे बैठक मारली आणि डॉक्टर 'बरोबर' म्हणेपर्यंत तीनदा, चारदा फुंकून पाहिलं.

त्याच वर्षी भादव्यात शाळा चालवणारे मोठे सर नागपूरला गेले होते आणि मुलींच्या खोलीची जबाबदारी माझ्याकडे होती. सकाळी सातच्या सुमारास सहावीतली शेवंता पोट धरून माझ्याकडे आली. मी तिला ओवा-मीठ दिलं आणि निजायला सांगितलं. अर्ध्या तासानं कोठीबाई तिला पेज द्यायला गेल्या आणि तिथूनच त्यांनी हाक मारली. अशी हाक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

शेवंता भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पापण्या मिटत होत्या. उघडायचा प्रयत्न करत होती, पण उघडत नव्हत्या.

"झोप झाली नसेल तिची," मी म्हटलं.

"हे झोप नोहे," कोठीबाई म्हणाल्या. "माही लायनी बहीन अशीच गेली. पोट दुखते म्हने. डोये मिटले तं आमी म्हटलं, निजू द्या. मण्यार चावली होती तिले. कुठीसा डागही नोहता." त्या माझ्याकडे वळल्या. तोवर मला कायम 'तुमी' म्हणणाऱ्या बाई पहिल्यांदाच 'तू' म्हणाल्या, "तू रोडवर पय. भेटन ते गाडी थांबव."

मी पळाले. सवाऱ्या घेऊन निघालेली एक काळी-पिवळी जीप मिळाली. आतली माणसं काही न विचारता उतरली. आम्ही भंडाऱ्याच्या रस्त्याला लागलो. शेवंता कोठीबाईंच्या मांडीवर होती. थोड्या वेळात तिची मान लुळी पडली. तिच्या नाकाशी गाल नेऊन कोठीबाई म्हणाल्या, "दम कमी होऊन रायला." त्यांनी तिला सीटवर आडवं केलं, नाक चिमटीत धरलं आणि तिच्या तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. मग पुन्हा. मग पुन्हा. रस्त्यात खड्डे होते, जीप उसळत होती. मी शेवंताची हनुवटी वर धरून जीपच्या पत्र्यावर गुडघे टेकले होते. कोठीबाईंचा ओठ दातावर आपटून फुटला. डोळ्यांपुढे अंधारी येत असावी, कारण त्या एकदा दाराला धडकल्या.

"मावशी, मी देते."

"तू लिहून घेतलं हाय. केलं नाईस." दोन श्वास देऊन झाल्यावर त्या पुन्हा बोलल्या, "ये. छाती वर आली पायजे. गालातून नोको फुकू, पोटातून फुक."

माझा पहिला श्वास वाया गेला. दुसऱ्या श्वासाला शेवंताची छाती माझ्या डोळ्यांदेखत वर आली. ते मी आयुष्यभर विसरणार नाही. दवाखान्याच्या फाटकापर्यंत आम्ही दोघींनी आळीपाळीनं त्या पोरीला श्वास पुरवला.

डॉक्टरांनी नळी घालून तिला यंत्रावर ठेवलं, इंजेक्शनं सुरू केली. वाटेत श्वास दिला नसता तर ती पोचली नसती, असं ते म्हणाले. कोठीबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. फुटक्या ओठाला पदर लावून त्या यंत्राकडे बघत होत्या. "डॉक्टरसाहेब, किती हवा द्याची ते याले कसं समजते?" आणि त्या डॉक्टरांनीही, रांग थांबवून, त्यांना समजावून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी शेवंतानं स्वतःहून श्वास घेतला. ती शाळेत परतली त्या शनिवारी तिचे वडील सभेला आले. तलावात मासे धरणारे, अबोल गृहस्थ. सभेआधी कोठीबाईंनी मला कोठीत बोलावलं.

"ओवा देल्ला ते सांगतलं काय कोनाले?"

"नाही." माझी मान खाली.

"मंग आज सांग. मी बी सांगतो."

"तुमचं काय चुकलं, मावशी?"

"पोरगी पहाटंच भाजी निसाले आली होती. म्हने, झोपेत अंगावून काई गार सरकलं. मी म्हटलं, उंदीर असन."

सभेत आधी त्या उभ्या राहिल्या आणि शेवंताच्या वडिलांकडे बघत हेच, याच शब्दांत बोलल्या. बहिणीचं काढलं नाही, जीपमधल्या श्वासांचं तर नाहीच. मग मी उभी राहिले. मी ओव्याचं सांगितलं, अर्ध्या तासाचंही सांगितलं. शेवंताचे वडील उठले. मग म्हणाले, "पोरगी इथंच रायन." एवढंच.

पुढच्या आठवड्यात कोठीबाई अड्याळच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून बाजा, म्हणजे दोरीच्या खाटा, विणायला शिकल्या आणि त्यांनी मुलांना शिकवलं. दिवाळीपर्यंत शाळेतलं एकही मूल जमिनीवर झोपत नव्हतं.

कोठीबाई गेल्याचं मला दोन महिने उशिरा कळलं. तोवर मी सरकारी शाळेत लागून बरीच वर्षं झाली होती. सगळ्यांत आधी मला आठवली ती मी शाळा सोडली ती सकाळ. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता. सगळ्यांचा निरोप घेऊन झाला, पण कोठीबाई कुठं दिसेनात. त्या मोठ्या बांधीत गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे लावत होत्या. मी धुऱ्यावर उभी राहून म्हटलं, "मावशी, निघते."

"जा. बस येईन," त्या मान वर न करता म्हणाल्या.

मला तसं जाता येईना. चपला काढल्या, पिशवी धुऱ्यावर ठेवली, साडी खोचली आणि चिखलात उतरले. त्यांनी अर्धी जुडी माझ्या हातात दिली. आम्ही शेजारी शेजारी मागं सरकत लावत गेलो. रोडवरून बसचा हॉर्न आला आणि गेला. बांधीच्या टोकाला पोचल्यावर त्या कमरेवर हात ठेवून ताठ झाल्या आणि माझी ओळ त्यांनी निरखून पाहिली.

"वाकडी हाय," त्या म्हणाल्या. "पन जगन."