धनुर्धर लग्नाच्या दिवशी का गेला

सुधाकरशी झालेला वाद मी जिंकलो होतो.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

माझा बारावीचा दोस्त. नागभीडजवळच्या गावचा. घरी तलावातली मासेमारी आणि थोडी धानाची, म्हणजे भाताची शेती. माझ्या फँटसीवरच्या पोस्ट तुम्ही वाचता ना, ते वेड आम्हा दोघांना एकदमच लागलं.

कव्हर फाटलेली एक जाडजूड कादंबरी आम्ही तलावाच्या पाळीवर बसून संपवली. मी मोठ्यानं वाचायचो, तो उकडलेले शिंगाडे सोलायचा. सोललेला शिंगाडा पुस्तकाच्या पानाच्या कडेला ठेवायचा, म्हणजे मला थांबायला नको. तुटके-फुटके स्वतः खायचा.

गोष्ट दोन दोस्तांची. एक राजपुत्र, एक धनुर्धर. दोघं बर्फाळ खिंडीत पहाऱ्यावर. धनुर्धर रोज सकाळी राजपुत्राचे हातमोजे शेकोटीवर गरम करून देतो. शेवटी राजपुत्राचं लग्न ठरतं. त्याच दिवशी धनुर्धर निघून जातो. लेखकानं कारण दिलेलं नाही.

ते मी दिलं. मोठ्या थाटात.

दोन वर्षांपूर्वी इथेच लांबलचक पोस्ट टाकली होती. लोकांना प्रत्येक दोस्तीत प्रेम दिसतं म्हणून चिडलो होतो. हातमोजे म्हणजे सैनिकी शिस्त, जाणं म्हणजे कर्तव्य, विषय संपला. भरपूर शेअर झाली.

सुधाकर कधी कमेंट करायचा नाही. त्या दिवशी केली.

"तू शिकलेला हायेस, तुयं बरोबरच असन. पण थो लगनाच्या दिवशीच काऊन गेला मंग?"

मी हसण्याची इमोजी टाकली आणि पुस्तक परत वाच म्हणून सांगितलं.

त्यानं माझ्या उत्तराला लाइक केलं.

नंतर कावीळ झाली. आठ दिवसांत गेला.

तेरवीला त्याच्या बहिणीनं ते पुस्तक माझ्या हातात दिलं. कोणाला हात लावू देत नव्हता म्हणाली. बाकी पुस्तक होतं तसंच आहे, फक्त लग्नाच्या प्रकरणाची पानं हाताळून हाताळून मऊ पडलीयत.

परतीच्या बसमध्ये ती पानं चाळताना मला माझं लग्न आठवलं.

सुधाकर सकाळपासून मांडवात राबत होता. माझं बाशिंग त्यानंच नीट केलं. अक्षतांच्या आधी पाहतो तर गाडीला किक मारतोय. कुठी चालला, विचारलं.

"उन्हाळी धानाले पानी सोडाचं हाये."

मी बरं म्हणालो.

त्या वर्षी त्यानं उन्हाळी धान लावलंच नव्हतं. आणि ते मला माहीत होतं.

त्याच्या मनात काय होतं ते मी आता ठरवणार नाही. एकदा ठरवून झालंय. माझ्या मनात काय होतं, तेही कधी नीट पाहिलं नाही.

हल्ली नवीन पुस्तक हातात घेतलं की दोन पानांत थांबतो. फार एकटं वाटतं, बाकी काही नाही.

ती जुनी पोस्ट काढलेली नाही. तिच्याखाली तुझी कमेंट आहे, म्हणून.

सुधाकर, तुझा प्रश्न बरोबर होता. थो कर्तव्यासाठी नाई गेला.

मी तुले थांब म्हणाले पाह्यजे होतं.

भरल्या मनानं निरोप, दोस्ता.