आमच्या देवळाचे धोंडूशेठ

चर्चच्या कमिटीत मी बारा वर्षं सेक्रेटरी होतो. त्यानं माणूस पवित्र होतो का, मला सांगता येणार नाही. किस्से मात्र इतके साठतात, की जुनी मंडळी चहाला भेटली की एकाचा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू! माझ्याकडचे बहुतेक सगळे धोंडूशेठचे. ऐकणारे हसतात. मीही हसतो. पण नक्की कशाला हसतोय, ते अजून कळलेलं नाही.

आमचं देऊळ अंबरनाथला. आम्ही मराठी ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो. साठ-सत्तर घरं, बहुतेक कारखान्यात कामाला. नियम कडक. दारू नाही, तंबाखू नाही, सिनेमा नाही आणि लग्न एकच! पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, महिन्यातून एकदा कल्याणहून यायचे. बाकीचे रविवार आणि सगळे नियम सातपुते मास्तर सांभाळायचे. रिटायर्ड शिक्षक, कमिटीचे चेअरमन.

आणि धोंडूशेठ हे भागातले पुढारी. ख्रिस्ती नव्हेत. उल्हासनगरच्या वेशीपासून खरवईपर्यंत हातभट्टीचे अड्डे त्यांचे. एक घर अंबरनाथला, दुसरं विठ्ठलवाडीला. दोन्ही घरांत एकेक बायको!

*

ओळख झाली ती गटारामुळे.

शेजारच्या वर्कशॉपांचं काळं पाणी देवळाच्या आवारात शिरायचं. तेव्हा आमचं गाव कल्याणच्या महापालिकेत होतं. मी अर्ज घेऊन चार वेळा कल्याणला गेलो. चारही वेळा साहेब मीटिंगमध्ये! शेवटी मास्तर नाइलाजानं धोंडूशेठकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ माणसं फावडी आणि पाइप घेऊन दारात उभी. संध्याकाळपर्यंत गटार वळलं.

ती माणसं जवळून गेली की भपकारा यायचा. मास्तरांनी नाक वर केलं. "कसला तरी वास येतोय."

महिला मंडळाच्या एस्तेरबाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, "गटाराचाच असणार, मास्तर!"

त्या रविवारी आठही जणांसाठी नावानिशी प्रार्थना झाली.

*

विल्सन आमचा गिटारवाला. उल्हासनगरला एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता. मित्राच्या हळदीला एक ग्लास घेतला आणि कुणीतरी ते मास्तरांच्या कानावर घातलं. झालं! तीन महिने प्रभुभोजनाची भाकर-द्राक्षरस बंद, गिटार बंद.

त्याच महिन्यात देवळाला नवीन कुंपण झालं. अर्थात धोंडूशेठच्या कृपेनं. उद्घाटनाला शेठ पहिल्या बाकावर, गळ्यात हार.

पुढच्या मीटिंगला विल्सन उठला. "मास्तर, मी एक ग्लास प्यायलो तर बाहेर. ज्यानं ती गाळली, त्याला हार?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "विल्सन, ते आपले सभासद नाहीत."

विल्सननं जरा विचार केला. "मग माझं पण नाव कमी करा ना. मला पण हार घाला!"

मास्तरांनी पुढचा विषय घेतला. मिनिट्समध्ये मी लिहिलं, 'श्री. विल्सन यांनी शंका विचारली. चर्चा झाली.' चर्चा कुठे झाली, ते मला विचारू नका.

*

नाताळच्या कार्यक्रमाला शेठना बोलवायचं ठरलं. पत्रिकेवर 'श्री. व सौ.' लिहायला पेन उचललं आणि अडलो. कुठली सौ.?

कमिटीत तासभर खल. एस्तेरबाईंनी मागच्याच वर्षी नवऱ्यानं टाकलेल्या एका बाईला मंडळात गाऊ दिलं नव्हतं. त्यांनीच तोडगा काढला. "'सहकुटुंब' लिहा. कोण येतंय ते देव बघेल!"

देवानं दोघींना पाठवलं. दोन वेगवेगळ्या रिक्षांतून! एस्तेरबाईंनी दोघींना फुलं दिली, पुढे बसवलं आणि माइकवर गोड आवाजात म्हणाल्या, "शेठच्या पत्नी आपल्यात आल्या आहेत. आणि त्यांच्या भगिनीही..."

विठ्ठलवाडीच्या बाई ताडकन उभ्या राहिल्या. "भगिनी कोनाची? मी बायकोच हाय!"

गाणी म्हणायला उभी असलेली मुलं टकमक बघायला लागली. तेव्हा अंबरनाथच्या बाईंनी त्यांच्या पदराला धरून खाली ओढलं. "बस गं. लेकरं गाणी म्हनायची थांबलीत."

आणि सगळ्या देवळात त्या दोघीच मनापासून टाळ्या वाजवत गाणी ऐकत बसल्या.

*

मास्तरांनी मग असल्या शंकांना शास्त्रातून उत्तर शोधलं. एका रविवारी उपदेश दावीद राजावर! दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला लढाईत मरायला पाठवलं, तरी देवानं त्यालाच राजा ठेवलं. "देव माणसाचं चारित्र्य नाही, उपयोग बघतो!" मास्तर म्हणाले. नजर पहिल्या बाकावर. नाताळनंतर रविवारीही यायला लागलेले शेठ मान डोलवत होते.

बाहेर चहा घेताना लछमनभाई मास्तरांजवळ आले. उल्हासनगरचे सिंधी कापडवाले. उतारवयात ख्रिस्ती झालेले, पण बायबल आमच्यापेक्षा जास्त वाचलेलं.

"मास्टरजी, उपदेश एकदम फर्स्ट क्लास! सिर्फ एक बात. तो दावीद नंतर रडला होता, साईं. सात दिवस जेवला नाही. आपले शेठ तर आता समोसा खाताहेत!"

मास्तरांनी शेठकडे पाहिलं. मग लछमनभाईंकडे.

"साखर बरोबर आहे ना चहात?" त्यांनी विचारलं.

*

हा किस्सा हसण्याचा नाही, पण सांगतो.

आमचं माणूस गेलं की टेम्पोत घालून कल्याणला न्यावं लागायचं. गावात दफनभूमीच नव्हती. धोंडूशेठनी खटपट करून बदलापूरच्या बाजूला एक जागा मिळवून दिली. कागद व्हायचा होता, पण ताबा दिला. तिथं पहिली कबर झाली योहानची. खरवईचा, कारखान्यात माझ्याच खात्यातला फिटर. दहा वर्षं शेठच्या अड्ड्यावर पीत होता. लिव्हर गेलं. शेठ स्वतः आले, खांदा दिला, माती लोटली.

पुढे निवडणूक लागली. कमिटीनं मला घरोघर धाडलं, शेठना मत द्या म्हणून सांगायला. योहानच्या साराबाईच्या दारात गेलो आणि उगाच चपला काढत राहिलो.

तीच म्हणाली, "शेठचं सांगायला आलात ना? देणार हाय मी मत."

"साराबाई, तुम्ही?"

"त्याच्याच दारूनं गेला माझा माणूस. पन त्याच्याचमुळं जवळ हाय. रोज संध्याकाळी जाऊन बसते तिथं. कल्यानला कोनी नेलं असतं मला?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चुकतंय का माझं, भाऊ? तुमी शिकलेले. सांगा."

मी चहा न घेता परत आलो.

*

धोंडूशेठ निवडून आले. दफनभूमीचा कागद देवळाच्या नावावर झाला. अड्डेही चालू राहिले. हे सगळ्यांना माहीत आहे. मतदानाच्या आधीच्या रविवारी काय झालं, ते मात्र आम्हा तिघाचौघांनाच.

निवडणुकीत शेठच्या विरोधात उभे होते एक निवृत्त हेडमास्तर. निर्व्यसनी, सरळ माणूस. दफनभूमीचं विचारलं तर म्हणाले होते, "कायद्यात बसतं का ते बघू." म्हणून आमची अख्खी मंडळी शेठच्या मागे.

त्या रविवारी मास्तरांचा उपदेश जक्कय जकातदारावर होता. लोकांना लुबाडणारा, पण प्रभू घरी आल्यावर एका दिवसात बदलला, तो. शेठ नेहमी मान डोलवायचे. त्या दिवशी डोलवली नाही.

उपासना संपली, लोक बाहेर पडले. शेठ बाकावरच. मास्तर, एस्तेरबाई, लछमनभाई आणि मी जवळ गेलो. शेठनी हात जोडले. आवाज बसलेला.

"मास्तर, त्या योहानला खांदा दिला ना, तवापास्नं जीव थाऱ्यावर नाय. आज तुमी बोललात ते माझंच. मी ठरवलंय. उद्याच्या सभेत सगळ्यांसमोर सांगतो. अड्डे बंद. लोकांची माफी मागतो. पडलो तर पडलो!"

एस्तेरबाईंनी पदर तोंडाला लावला. लछमनभाईंनी डोळे मिटले. इतक्या वर्षांत आमच्या देवळात असं कुणी बोललंच नव्हतं!

मास्तर पुढे झाले. शेठच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमानं म्हणाले,

"शेठ, एवढी घाई करू नका. पुढच्या रविवारी मतदान आहे. पश्चात्ताप सोमवारी करू!"