मर्यादवेल

कुरुळीच्या फाउंड्रीत सकाळच्या चहाला सुपरवायझर म्हणाला, "अनंता गेला." मी विचारलं, "कुठं?" तासाभरापूर्वीच अनंताने साच्याची वाळू मुठीत दाबून मला दाखवली होती, "बघ, कशी धरता!" म्हणून. बाकावर टेकला तो उठलाच नाही म्हणे. पाच आठवडे झाले. माझा अजून विश्वास बसत नाही...

मी लातूरकडचा, शेतकऱ्याचं पोर. चिखलीत आम्ही शेजारी. चार वर्षांपूर्वी त्याच्या कोकणातल्या गावी गेलो, तेव्हा पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्याची आई लेकीकडे गेलेली, घरात आम्ही दोघंच. आयतं खाऊन लोळत पडणं मला जमत नाही. घरासमोरच्या वाळूत हिरवं रान माजलेलं दिसलं. पहाटे उठून खुरपं घेतलं आणि सगळं तण साफ केलं. शाबासकीची वाट बघत उभा होतो. अनंता बाहेर आला आणि मटकन खाली बसला. "मेल्या, ह्या काय केलंस? दर्याक वाट दिलंस!"

ती मर्यादवेल होती. वाऱ्याने उडणारी वाळू तिच्यात अडते. वेल गाडली जाते, पुन्हा वर येते, पुन्हा वाळू अडवते. टेकडी अशी तसूतसूने वाढते. मग गवत रुजतं, त्याचा पाला कुजून वाळूला जरा मातीपण येतं, तेव्हा कुठे मागे केवडा, झुडपं, आणि त्यांच्या आडोशाला माणसाचं घर. नोकरी संपली की अनंताला त्याच घरात राहायचं होतं आणि मी अडाण्याने सुरुवातच खुरपून टाकली होती. त्या पावसाळ्यात समोरची टेकडी खचली, लाटा अंगणाला लागल्या. पुढे दर सुट्टीत तो वेलीचे तुकडे लावत राहिला. मला मात्र कधी एका शब्दाने टोचलं नाही.

तेराव्याला गेलो. नव्या वेलीने गुडघाभर वाळू धरली होती. शेजारचे एक काका म्हणाले, "अनंतानंच उपटलेली ना मागे? तोच सांगत होता." तसाच त्याच्या आईपुढे जाऊन बसलो. म्हणालो, "आई, वेल मी उपटली होती."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "माका ठावक आसा. माजो झिल ती येल उपटूचो नाय. पण तेना तुजा नाव घेतल्यान नाय... म्हणान आमीय इचारूक नाय."