कुलूपकाकांची वही

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभागाचं दार होतं आणि त्या दारावर एकवीस वर्षं एकच माणूस बसत आला होता. त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं, पण बसलं होतं अगदी चपखल. नातेवाइकांनी संध्याकाळी पाच ते सव्वापाच आत जायचं, एका खाटेपाशी एकानंच, असा नियम होता. बाकीच्या वेळी कुणी हात जोडो, डोळे वटारो, नाहीतर वरच्या साहेबांची ओळख सांगो, काका स्टुलावरून उठत, दारापुढे उभे राहत आणि म्हणत, "आतल्या माणसाला बाहेरचे जंतू झेपत नाहीत. पाचला या." आवाज कधी चढला नाही आणि पाय कधी हलला नाही.

दगडाला पाझर फुटेल पण या कुलपाला नाही, असं लोक त्यांच्या तोंडावर बोलत. काका ऐकून घेत. कारण त्यांना मनापासून वाटे, आपण इथे उभे आहोत म्हणून आत चार जीव वाचताहेत. डॉक्टर औषध देतात, आपण दार देतो.

घरी सगळं उलटं होतं. बायको शिवणकाम करायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा मशीनपेक्षा जोरात चालायचा. काका घरी आले की दिवसभराची बातमी सुरू. शेजारणीचं मांजर कुठे व्यालं, पडद्याचं माप चुकलं ते कुणामुळे, जिन्यातला दिवा कुणी फोडला. काका शब्दाला महाग. ते फक्त "हं" म्हणायचे. "तुमच्या 'हं'ला तरी बटण लावून देते मी," ती म्हणायची, "निदान उघडझाप तरी होईल."

एके वर्षी तिला साधा खोकला झाला, तो छातीत उतरला आणि चार दिवसांत ती त्याच दाराच्या आत गेली. सहा नंबरची खाट. काकांच्या स्टुलापासून बारा पावलं.

पहिल्याच दिवशी आतल्या सिस्टर म्हणाल्या, "काका, या ना आत. तुम्हाला कोण अडवणार?"

काकांनी मान हलवली. त्याच सकाळी त्यांनी एका मुलीला परत पाठवलं होतं. तिचे वडील आत होते आणि ती बाकावर बसून रडत होती. तिच्यासमोरून कोणत्या तोंडानं आत जायचं? ते पाच वाजता रांगेत उभे राहिले, सगळ्यांसारखे.

तिसऱ्या दिवशी बायकोनं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला. "अहो, तुम्हाला एक सांगायचं राहूनच गेलंय."

बोलताना तिला धाप लागली. काकांनी मास्क नीट बसवला. "उद्या सांग. दमू नकोस आता." घड्याळात पाच वाजून तेरा मिनिटं झाली होती. दोन मिनिटं हातात होती. पण बाकीचे नातेवाईक आपल्याकडेच बघताहेत असं त्यांना वाटलं, आणि ते उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला ती गेली. काका तेव्हा दारावर कुणालातरी पाचची वेळ सांगत होते.

परगावी राहणारी लेक आली. तिनं बापाला एवढंच विचारलं, "बाबा, किल्ली तुमच्याच खिशात होती ना?" त्यानंतर तिनं काही विचारलं नाही. फोन यायचा, महिन्यातून एकदा. कसे आहात, बरा आहे, ठेवते.

काय सांगायचं राहिलं असेल? काकांनी हजार वेळा मनात उलथापालथ केली. शिवायला आलेलं कापड कुणाला परत द्यायचं ते? लेकीबद्दल काही? की त्या मांजराचीच पुढची गोष्ट? मांजराची गोष्ट असती तरी त्यांनी ती पुन्हा पुन्हा ऐकली असती. घरातलं मशीन झाकलेलंच राहिलं. संध्याकाळी चहा घेताना काकांच्या तोंडून मध्येच "हं" निघून जाई आणि समोर कुणी नसे.

अशी सहा वर्षं गेली. मग विभागात एक नवी डॉक्टरीण आली. बुटकीशी, सदा घाईत, पण समोरच्याचं बोलणं पुरं होऊ देणारी. एका दुपारी ती स्टुलाशेजारच्या बाकावर येऊन बसली.

"काका, नातेवाईक जास्त वेळ आत बसले तर जंतुसंसर्ग वाढतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नियमच आहे, मॅडम."

"नियम मलाही माहीत आहे. तो कशावरून केला, ते शोधतेय. जुन्या फायली काढल्या, कुणी मोजलेलंच दिसत नाही. मला मोजायचंय."

तिनं पद्धत समजावली. सोळा महिने अभ्यास चालेल. दर महिन्याच्या एक तारखेला एक बंद पाकीट उघडायचं. आत 'उघडं' लिहिलेलं असेल तर त्या महिन्यात नातेवाइकांनी दिवसभर बसावं, 'बंद' असेल तर जुनीच पंधरा मिनिटं. मरणाच्या दारात असलेल्या माणसाच्या घरच्यांना मात्र कोणत्याही महिन्यात आत सोडायचं. कोण आलं, किती वाजता आलं, हात धुतले का, कधी गेलं, हे सगळं काकांनी वहीत लिहायचं.

"पाकीट कशाला? तुम्हीच ठरवा की महिने," काका म्हणाले.

"मी ठरवले तर मी माझ्या मनासारखेच निवडीन. मग उत्तरही माझ्या मनासारखंच येईल. ते कुणाच्या उपयोगाचं?"

काकांना ते पटलं. पण मनात त्यांच्या निराळंच चाललं होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. हा अभ्यास फसावा असं त्यांना वाटत होतं. जंतू खरंच वाढावेत. नियम खरा निघावा. तो खोटा निघाला, तर मग बायको आत होती त्या चार दिवसांचं आपण काय करायचं?

पहिलं पाकीट 'उघडं' निघालं. नातेवाईक बिचकत आत गेले. कुणी हात धुवायला विसरलं की काका आठवण करत. एकदा एक माणूस न धुताच आत घुसला आणि काकांनी लिहायला पेन उचललं. 'हात धुतले नाहीत' असं चार-पाच वेळा जास्तीचं लिहिलं तर? कोण बघतंय? पेन क्षणभर तसंच राहिलं. मग त्यांनी त्या माणसाला बाहेर बोलावून हात धुवायला लावले आणि जे झालं तेवढंच लिहिलं. खोटं त्यांना कधी जमलं नव्हतं. या वयात कुठे शिकायचं?

सातव्या महिन्याचं पाकीट 'बंद' निघालं. त्या महिन्यात एक म्हातारे गृहस्थ बायकोसाठी रोज सकाळी आठला येऊन बाकावर बसत. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "गेल्या महिन्यात सोडत होता म्हणे. माझ्याच वेळी काय झालं?"

काका स्टुलावरून उठले. ते थेट डॉक्टरिणीकडे गेले. "सोडू का त्यांना?"

तिनं आधी आजीबाईंचा केसपेपर काढून पाहिला. "त्या सुधारताहेत, काका. जीवाला धोका असता तर मीच सोडलं असतं. पण आपल्याला वाईट वाटलं म्हणून दार उघडलं, तर या महिन्याची वही खोटी होईल." मग म्हणाली, "मलाही सोपं जात नाहीये."

काका परत आले. त्यांनी स्टूल उचलून बाकाजवळ ठेवलं आणि त्या गृहस्थांशेजारी बसले. आठवड्यानं आजीबाई चालत बाहेर आल्या, तेव्हा गृहस्थांनी काकांकडे पाहिलंही नाही. काकांना त्याचं काही वाटलं नाही.

सोळा महिने भरले. हिशेब जुळवायला आणखी तीन महिने गेले. मग डॉक्टरीण त्याच बाकावर येऊन बसली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"मला वाटलं होतं, घरचं माणूस जवळ असलं की पेशंटला भ्रम होणं, बरळणं कमी होईल. तसं दिसलं नाही. फरक फारच थोडा, आणि तो योगायोगही असू शकेल. घरच्यांची धास्ती मात्र जवळजवळ निम्म्यानं कमी झाली. पण तेवढ्यावर समिती नियम बदलणार नाही."

काकांनी मधेच विचारलं, "आणि जंतू?"

"जंतू दोन्हीकडे सारखेच. उघडं ठेवून काहीही वाढलं नाही."

काकांनी समोरच्या दाराकडे पाहिलं. "मग बंद ठेवायला कारण काय उरलं, मॅडम?"

डॉक्टरिणीनं त्यांच्याकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात तिनं समितीसमोर आकडे मांडले, भ्रमाबद्दल काही हाती लागलं नाही हेही लपवलं नाही, आणि शेवटी हाच प्रश्न विचारला. समितीनं जुन्या फायली पुन्हा चाळल्या, पण बंद ठेवायचं कारण कुठेच सापडलं नाही. दोन महिन्यांनी नियम बदलला. पुढे आणखी काही रुग्णालयांनी तिचे कागद मागवून घेतले.

नियम बदलल्याचं पत्र भिंतीवर लागलं, त्या दिवशी काकांनी तिला सहा नंबरच्या खाटेबद्दल पहिल्यांदा सांगितलं. सगळं सांगितलं, हातात उरलेल्या दोन मिनिटांसकट. मग विचारलं, "मी आत बसलो असतो तर ती वाचली असती का?"

"नाही," ती म्हणाली. "आमच्या अभ्यासात तसं काही नाही. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

"आणि माझ्यामुळे कुणाला जंतू लागले असते?"

"हात धुतले असते तर नाही."

काकांनी मान डोलावली. रडले नाहीत. तिनं खोटा दिलासा दिला नाही याचं त्यांना बरं वाटलं. पण त्या दिवसापासून बायकोची ओढ कमी व्हायच्या ऐवजी वाढली. इतकी वर्षं तिच्या आणि आपल्यामध्ये निदान एक कारण उभं होतं. आता तिथे नुसती बारा पावलं होती.

त्यांचं काम बदललं. नव्या नातेवाइकांना आत नेऊन कसं बसायचं ते दाखवायचं. नळ्यांना हात लावू नका, खाटेवर बसू नका, बोलत राहा. एका तरुणानं विचारलं, "आई शुद्धीवर नाही. काय बोलू?" काका गोंधळले. "ते मला विचारू नका. पण बसा." त्यांनी त्याच्यासाठी खुर्ची आणली आणि गरज नसताना दोनदा सरळ केली.

त्या दिवशी पाळी संपल्यावर काकांनी जिन्यातूनच लेकीला फोन लावला. त्यांच्याकडून फोन जाणं नवीनच होतं. ती घाबरली. "काय झालं, बाबा?"

"काही नाही. ते दार आता दिवसभर उघडं असतं. म्हटलं, तुला सांगावं."

पलीकडून ती म्हणाली, "बरं झालं." आणि थोड्या वेळानं, "जेवलात का?"

काका जेवले नव्हते. ते "हो" म्हणाले, आणि ती आणखी काही विचारते का, याची वाट बघत कठड्याला धरून उभे राहिले.