हिरो डावीकडं गेला आणि माझा जीव कोंडला

मंडळी, आज दुपारी भरल्या थिएटरात माझी लय फजिती झाली.

ज्या भुताच्या व्हिडिओ गेमचे पाचही भाग मी खेळलोय, त्यावर पिच्चर आलाय. आईला घेऊन पूर्णेहून परभणीला गेलो. बंगला, अंधार, किल्ल्या, सगळं गेमसारखंच. तरी मजा येईना.

तेवढ्यात हिरो डावीकडच्या दाराकडं निघाला. तिथं काय दडलंय ते मला ठाऊक. अंगठे आपोआप हलायले, पण हातात पॉपकॉर्न! खुर्चीला बांधून घातल्यासारखं झालं. न राहवून ओरडलो, "अरे, उजवीकडं जा ना!"

लोक खदाखदा हसले. हिरो डावीकडंच गेला, सरळ भुताच्या तावडीत.

मी आईला म्हणलं, "गेमच बरा. इथं नुसतं बघत बसायचं म्हणजे शिक्षा हाय."

मी गेम खेळायचो तेव्हा आई मागं शेंगा सोलत बसायची. ती म्हणली, "तुझ्या हातात बटनं तरी होती. मी पाचही भाग असेच बघितले. तिकडं नको जाऊ म्हणून किती ओरडायचे रे मी."

माझ्या कानाला हेडफोन असायचे.

तुमच्या मागं बसून कोण ओरडायचं?