हुलग्यापुढे थांबलेली गाडी

रस्त्यावर पीक अंथरणाऱ्यांचा मला फार राग यायचा. नगरला माझं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे. सुगीच्या दिवसांत खेड्यातून आलेली गाडी वर उचलली की तिच्या पोटाखाली हमखास बाजरीचं सरमाड नाहीतर तुरीच्या काड्या गुंडाळलेल्या सापडतात. त्या उपसून काढताना मी जे काही बोलतो ते घरी बोलण्यासारखं नसतं. रस्ता गाड्यांसाठी बांधलेला आहे, मळणीसाठी नाही, हे माझं ठाम मत होतं आणि कोणी विचारलं नाही तरी मी ते ऐकवत असे.

त्या दिवशी आम्ही नवराबायको सासुरवाडीला निघालो होतो. नाताळ तोंडावर आला होता, बायकोच्या शाळेला सुट्टी लागली होती. तिचं माहेर तिसगावच्या पुढे, मोठा रस्ता सोडून बरंच आत आहे. करंजी घाट चढताना गाडीने पहिला आचका दिला. मग दुसरा. गॅरेजच्या भाषेत याला मिसिंग म्हणतात. चार सिलिंडरपैकी एक काम सोडून बसतो आणि उरलेले तीन त्याचं ओझं वाहतात. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

"अहो, हा दिवा डोळे मिचकावतोय," बायको म्हणाली.

"दिसतोय मला."

"गिऱ्हाइकांना तर सांगता, हा लुकलुकला की जागेवर थांबा म्हणून."

मी गिअर खाली टाकून गाडी चढवत राहिलो. गिऱ्हाइकाला सांगणं वेगळं आणि सासरे जेवायला थांबलेले असताना घाटात बोनेट उघडून उभं राहणं वेगळं. शिवाय आमच्या गाडीकडे माझं लक्ष नसतं, हा तिचा जुनाच आरोप आहे. तो खरा ठरवायची माझी तयारी नव्हती. घाट संपला, तिसगाव मागे पडलं, आतल्या रस्त्याला लागलो. आता काहीतरी करपल्यासारखा, नाकाला झोंबणारा वास यायला लागला होता आणि पायाखालचा पत्रा बुटातून गरम लागत होता.

पुढे रस्ता पार झाकून गेलेला. या काठापासून त्या काठापर्यंत हुलगा, म्हणजे कुळीथ, अंथरला होता. वाळून तांबूस झालेले वेल, त्यांत चपट्या शेंगा. जाणाऱ्या गाड्यांच्या चाकाखाली शेंगा फुटाव्यात आणि दाणे मोकळे व्हावेत, म्हणून आमच्याकडे असं करतात. पलीकडे एक बाई लाकडी दाताळं घेऊन उभी होती. पन्नाशीची असेल, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. गाडी दिसताच तिने हात हलवून बोलावलं.

"या, या. घाला वरून. सावकाश घाला."

मी ब्रेक लावला. एरवी मी शिव्या देत का होईना, पण वरून गेलोच असतो. त्या दिवशी तो वास नाकात होता आणि पाय पुढे जायला तयार नव्हता. सवयीने गाडी कडेला घ्यायला निघालो, तर कडेला गुडघाभर वाळलेलं गवत. तेव्हा भर डांबरावरच थांबवून इंजिन बंद केलं.

ती बाई जवळ आली. तिला माझं थांबणं आवडलेलं नव्हतं.

"का वो भाऊ? आमच्या हुलग्यानं टायर झिजत्यात व्हय?"

"तसं नाही मावशी. गाडीत बिघाड आहे."

"हितवर तर आलीच की चालत. सकाळधरनं दोनचार गाड्या आल्या बघा या रस्त्याला. आता ऊन कललं. दव पडलं का शेंगा वातड हुत्यात, मग न्हाई फुटत."

बायको खाली उतरून तिच्याशी बोलायला लागली. मी रस्त्यावर पालथा पडून गाडीखाली पाहिलं.

गाडीखालच्या सावलीत एक डबा लालभडक झाला होता.

तो कन्व्हर्टर. इंजिनातून निघालेल्या धुरात जो विषारी भाग उरतो, तो जाळून टाकण्यासाठी नळीत बसवलेला पोलादी डबा. त्याच्या आत बारीक छिद्रांची जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, तर तिथलं पेट्रोल न जळताच नळीतून पुढे येतं आणि या डब्यात येऊन पेटतं. डबा तापतो, लाल होतो. हे मी इतकी वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो. पण सांगत होतो ते ऐकीव होतं. गॅरेजमध्ये येईपर्यंत गाडी थंड झालेली असते. लाल झालेला कन्व्हर्टर मी जन्मात पाहिला नव्हता.

मी पडून तो बघतच राहिलो. इंजिन बंद होतं, ज्वाळा नव्हती, आवाज नव्हता. नुसतं पोलाद आतून उजळलं होतं आणि चेहऱ्याला धग लागत होती. आपण पाय ठेवून बसलो होतो त्याच्या बरोब्बर खाली घाटापासून हे चाललेलं, आणि वर आम्ही सासऱ्यांसाठी घेतलेल्या केकचं बोलत होतो. डब्यावर उष्णता अडवणारा एक पत्रा असतो. तोही एका बाजूने सुटून लोंबत होता. मला भीती वाटली, हे कबूल करतो. पण भीतीच्या आधी जे वाटलं ते निराळं होतं. देवळात किंवा चर्चमध्ये माणसाचा आवाज आपोआप बारीक होतो, तसं काहीतरी झालं.

"मावशी, इकडे या," मी हळूच म्हणालो. "बसा खाली. बघा."

ती वाकली. बायकोही वाकली.

मग त्या बाईने पायाशी पडलेली हुलग्याची एक लांब काडी उचलली आणि हात पुढे करून तिचं टोक त्या लाल पोलादाला लावलं. काडी क्षणभर धुरली आणि भप्पकन पेटली. तिने ती डांबरावर टाकून चपलेने विझवली. मग मान वळवून तिने रस्त्यावर पसरलेल्या आपल्या पिकाकडे पाहिलं.

"समदं हेच हाय," ती म्हणाली. "माळावरल्या तुकड्याचं. पुढल्या सालाचं बियाणं बी ह्यातच."

एवढंच बोलली. मघाशी तिने बोलावलं तेव्हा मी गेलो असतो, तर काय झालं असतं हे तिघांनाही दिसत होतं. बायकोने दिव्यावरून चक्क टोमणाही मारला नाही.

बाई लगबगीने बांधावरची पाण्याची घागर घेऊन आली. ओतणार, तेवढ्यात मी तिला अडवलं. इतक्या तापलेल्यावर पाणी पडलं तर आतली जाळी तडकते. आपोआपच निवू द्यायचं. पण वारं सुटलं तर म्हणून तिने आमच्या बाजूचा हुलगा दाताळ्याने मागे ओढला आणि घागर घेऊन तिथेच बसून राहिली. लालभडक रंग काळपट तांबडा झाला, तांबड्याचा राखाडी. ते निवणंही मी डोळे भरून पाहिलं.

पूर्ण थंड झाल्यावर बोनेट उघडलं. इंजिन थोडाच वेळ चालवायचं ठरवून, प्रत्येक सिलिंडरला ठिणगी पुरवणाऱ्या कॉईलची वायर एकेक काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन आणखी लंगडलं. म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. दुसरी काढली, तेच. तिसरी काढली, तर काही फरकच पडला नाही.

"ह्यो आधीच मेलेला," बाई म्हणाली. तिने बोनेटच्या कडेवर हात ठेवला होता, तिला हातालाच कळलं असावं.

इंजिन बंद करून तिसऱ्या सिलिंडरचा ठिणगी पाडणारा प्लग काढला. तो पेट्रोलने ओला होता. पेट्रोल येत होतं, ठिणगी येत नव्हती. मग तिसरी कॉईल पहिल्यावर बसवली, पहिली तिसऱ्यावर, आणि पुन्हा सुरू करून पाहिलं. आता पहिला मेला आणि तिसरा जिवंत झाला. दोष कॉईलचाच. उजेडात धरली तर तिच्या अंगावर केसाएवढी काळी चीर होती. ठिणगी तिथूनच बाहेर पळत होती. एवढ्याशा चिरेतून ती लाली जन्मली होती, हे मला समजत होतं आणि तरी खरं वाटत नव्हतं.

डिकीत जुन्या सुट्या भागांची एक गोणी असते. ती फेकून द्या म्हणून बायको कायम मागे लागलेली असते. त्या गोणीत याच मॉडेलची एक वापरलेली कॉईल निघाली. मी ती वर धरून बायकोकडे पाहिलं.

"राहू द्या गोणी," ती म्हणाली.

कॉईल बसवली, इंजिन चारही सिलिंडरवर सरळ चालायला लागलं. दिवा लुकलुकायचा थांबला. लोंबता पत्रा तारेने बांधला आणि इंजिन बंद करून पुन्हा सगळं निवू दिलं. ऊन आता बाभळींच्या शेंड्यावर गेलं होतं.

"मी दाताळ्यानं वाट करून देते," बाई म्हणाली. "जावा तुमी. तुमचं जेवान राह्यलं."

तिच्याकडे दुसरी गाडी येणार नव्हती, हे तिलाही माहीत होतं. आणि दुरुस्ती झाली तरी त्या वाळल्या काडावर इंजिन सुरू ठेवून जायची माझी छाती नव्हती. पण रस्त्याला पुढे ओढ्याकडे उतार होता. मी बायकोला बाजूला उभं राहायला सांगितलं, चावी फिरवून स्टिअरिंग मोकळं केलं, गिअर काढला आणि हँडब्रेक हळूहळू सोडला.

गाडी बंद इंजिनाने हुलग्यावर गेली. आयुष्यभर मी इंजिनाचा आवाज ऐकला, पण शेंगांचा आवाज कधी ऐकला नव्हता. चाकाखाली त्या फुटत होत्या, तडतड, तडतड, सगळ्या बाजूंनी. एवढ्याशा शेंगांत एवढा आवाज असतो. दाणे उडून पत्र्यावर आपटत होते. मला वाटलं, ही वाट संपूच नये.

संपली. मी हँडब्रेक ओढून उतरलो. बाई गाडीबरोबर वाकून चालत आली होती. तिने चाकात अडकलेली एक काडी ओढून काढली, खाली बसली, हात आत घालून तिचं टोक डब्याला लावलं आणि तशीच धरून ठेवली. आम्ही दोघं बघत होतो. काडी होती तशीच राहिली. ती तिने जपून पुन्हा हुलग्यात टाकली.

"भाऊ," ती म्हणाली, "अजून एकडाव हुलग्यावरनं घातली असती तर."

मी स्वेटर काढून बायकोकडे दिला. तो आत सीटवर टाकून ती स्टिअरिंगवर जाऊन बसली आणि मी व त्या बाईने मिळून गाडी पुढून रेटत, हुलग्यावरून उलटी, पुन्हा उताराच्या माथ्याकडे ढकलायला सुरुवात केली.