मामांना नीट मरता आलं नाही

मालिका सुरू झाली तेव्हा मामा दोन दिवसांसाठी बहिणीकडे राहायला आले होते. पुढची अठरा वर्षं ते गेलेच नाहीत. विनोद एवढाच. दार किलकिलं होई, आधी रिकामा कप आत येई, मागून मामा, आणि स्टुडिओत हशा पिके. चित्रीकरण खऱ्या प्रेक्षकांपुढे चाले, त्यामुळे नटाला हसू ओसरेपर्यंत थांबावं लागे आणि मग पुढचं वाक्य टाकावं लागे. या थांबण्यात मामांचा हात धरणारा कोणी नव्हता.

गुणी माणसाचं जे होतं तेच त्यांचं झालं. लोकांनी त्यांना त्या एका गुणावर निकालात काढलं. मालिकेबाहेरही भाजीवाला त्यांना मामा म्हणे, बँकेतला साहेब मामा म्हणे, आणि सख्खा मेहुणा, ज्याने भावोजी म्हणायचं, तोही मामाच म्हणे. मुलीच्या लग्नात ते गदगदून चार शब्द बोलायला उभे राहिले, तर व्याही पोट धरून हसले. मामांनी शेजारी पाहिलं. बायकोनेही तोंडावर पदर धरला होता, आणि तो रडण्यासाठी नव्हता.

म्हणून शेवटचा सीझन जाहीर झाला तेव्हा मामांनी मनाशी ठरवलं, की एकदा तरी लोकांना रडवायचं. लोक म्हणजे मुख्यतः बायको.

लेखक त्या दिवसांत नखं खात बसलेला असे. लांबलेली विनोदी मालिका म्हणजे लांबलेला पाहुणा. उठतो उठतो म्हणतो आणि दारात चपला घालून तासभर बोलतो. तिचा शेवट चांगला झाला असं सहसा कोणी म्हणत नाही, फक्त झाला म्हणतात. लेखकाला हे ठाऊक होतं.

"मामा, तुमचं लग्न लावून देतो," तो म्हणाला. "खालच्या मजल्यावरच्या बाईंशी. हसत हसत घर सोडा."

"मला मरायचंय."

"विनोदी मालिकेत कोणी मरत नाही हो. करार संपतात."

"इतकी वर्षं तुम्ही म्हणाल तिथे घसरलो, म्हणाल त्या भिंतीवर आपटलो. आता एकदा नीट मरू द्या."

लेखकाला दुसरं काही सुचत नव्हतंच. तो म्हणाला, "बरं, मरा."

मामांनी तयारीत कसूर केली नाही. शेवटचा श्वास कसा घेतात हे विचारायला ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर इतके हसले की नर्स धावत आली. मग दुपारी घरच्याच पलंगावर ते मरून पाहू लागले. बायको कपड्यांच्या घड्या घालत असे.

"अहो, सरका जरा. मरायचं तर चादरीवर मरा, इस्त्रीच्या कपड्यांवर नको."

"या वेळी तू ये स्टुडिओत."

"मी कशाला? घरी बघतेच की."

"ये. आणि रुमाल आण."

ती आली. तिला तिसऱ्या रांगेत बसवलं.

पलंगावर मामा, उशाशी बहीण, पायाशी तिचा नवरा, म्हणजे मामांना अठरा वर्षं घालवून देऊ पाहणारा माणूस. दिवे मंद झाले. मामांनी सावकाश डोळे उघडले. कोपऱ्यात कोणीतरी खुदकन हसलं. आणि मामा थांबले.

त्यात त्यांचा दोष नव्हता. हसू ऐकलं की जीभ आपोआप थांबे, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. पण मरणारा माणूस लोकांचं हसू संपायची वाट बघतोय, याहून विनोदी काय असतं? सगळं सभागृह फुटलं. मामा आणखी थांबले. थांबणं अचूक होतं.

दिग्दर्शिकाबाई पुढे आल्या. "मामा, थांबू नका. हसू दे त्यांना, तुम्ही बोलत राहा."

दुसऱ्या खेपेला मामा हशा चालू असतानाच बोलत गेले. शब्द कोणाच्या कानी पडेनात. एक आजोबा ओरडले, "अरे गप्प बसा, ऐकू द्या त्याला, मरतोय तो," आणि स्वतःच हसत सुटले.

तिसऱ्यांदा बाईंनी प्रेक्षकांना हात जोडले. म्हणाल्या, "हा प्रसंग गंभीर आहे." लोकांना वाटलं हाही विनोदच. इतका मोठा हशा त्या स्टुडिओने ऐकला नव्हता. मामांनी मरता मरता तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. बायकोचे खांदे गदगदत होते, रुमाल डोळ्यांना होता. मामांचा जीव भांड्यात पडला. मग तिने रुमाल खाली घेतला. ती डोळे पुसत हसत होती.

"मामा," बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता?"

लेखकाने उभ्या उभ्या अर्धं पान लिहिलं. पलंग रिकामा केला, चादर ताणली. मामा आदल्या दिवशीच गेले, असं ठरलं. बहिणीचा नवरा एकटा दारात उभा राहिला. म्हणाला, "रिकामी झाली एकदाची खोली." पुढचं वाक्य त्याला बोलवेना. 

सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. मग रांगा रडू लागल्या. मामा बाहेर छोट्या पडद्यावर बघत होते, आणि रंगभूषाकार त्यांच्या गालांवरचा मरणाचा पांढुरका रंग पुसत होता. प्रसंग उत्तम झाला होता. मामा जुने नट होते, त्यांना ते कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. पडद्याच्या एका कोपऱ्यात बायको ओक्साबोक्शी रडत होती.

घरी जाताना गाडीत तिचं नाक लाल होतं.

"काय सुंदर केलं हो त्यांनी. मला तर रडू आवरेना."

"मी तीनदा मेलो ते?"

"तेही छान होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही समोर असलात की वाईट कसं वाटणार?"

शेवटचा भाग लागला आणि देश हळहळला. इतक्या लांबलेल्या मालिकेचा इतका समाधानकारक शेवट कोणी पाहिला नव्हता, असं सगळ्यांनी लिहिलं. एकाने लिहिलं, मामांनी न दिसून कमाल केली.

त्यानंतर मामा दिसले की लोक आवाज उतरवू लागले. भाजीवाल्यापाशी त्यांनी नेहमीसारखी थट्टा केली, तर त्याने डोळे टिपले आणि चार लिंबं जास्त घातली. एका नव्या विनोदी मालिकेसाठी ते भेटायला गेले. तिथला पोरगेला निर्माता उठून उभा राहिला.

"मामा, तुम्हाला पाहिलं की गलबलून येतं. हसणार कोण?"

त्याने दुसरं काम मात्र दिलं. एका कौटुंबिक मालिकेत वारलेल्या वडिलांचा फोटो हवा होता, दिवाणखान्याच्या भिंतीवर.

"संवाद?" मामांनी विचारलं.

"संवाद नाहीत. पण रोज दिसाल."

मामांनी घरी येऊन सांगितलं. बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "घ्या की. नियमित काम आहे."

फोटोच्या दिवशी मामा गंभीर चेहरा करून बसले. फोटोवाल्याने डोळा कॅमेऱ्याला लावला, काढला, पुन्हा लावला.

"जरा हसा, मामा," तो म्हणाला. "हसणाऱ्या माणसाचं जास्त वाईट वाटतं."

मामा हसले.